आद्याक्षरांचा घोळ : मांडणीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

पुस्तक तीन भागांचं, प्रकरणं १४. मजकूर १२ पॉइंट, लीडिंग (एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचं अंतर) १८. संपादकांची मागणी साधी वाटली : प्रत्येक प्रकरणाचं पहिलं अक्षर तीन ओळी उंच आणि दुसऱ्या रंगात. भाग जिथे सुरू होतात ती तीन आद्याक्षरं (प्रकरण १, ५ आणि ९) चित्रकार बाई हाताने काढून देणार आहेत. उरलेली ११ फॉन्टातूनच. चित्रं येईपर्यंत त्या तिन्ही जागीही फॉन्टातलं अक्षर ठेवायचं.

‘प्रकरण-आरंभ’ नावाची परिच्छेद शैली केली. ड्रॉप कॅप (ओळींत खाली उतरणारं मोठं पहिलं अक्षर) : ओळी ३, अक्षर १. निघता निघता दहा मिनिटांत उरकू म्हणून हाती घेतलं.

१४ पैकी ३ बरोबर. ‘पहाटे’, ‘घरात’, ‘वर्षभर’. बाकी सगळा आनंद. ‘किती’मधला क मोठा झाला आणि वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर बसून मागे राहिली. ‘क्षितिजावर’चा नुसता क सुटला. ‘स्त्रियांच्या’ची तर पार चिरफाड. चौथ्या प्रकरणात अक्षराऐवजी अवतरणचिन्हच तीन ओळींचं झालंय, भिंतीवर दोन खिळे ठोकल्यासारखं. तेराव्यात ‘नदीच्या’चा न मोठा व्हायला काहीच हरकत नव्हती, पण तिथे मोठं अक्षरच नाही. तीन ओळींची मोकळी जागा तेवढी आहे.

निघायला उशीर झाला तो झालाच.

४ जून

आधी सोपं. परिच्छेदाचा कंपोझर (ओळी जुळवणारी यंत्रणा) भारतीय लिप्या न समजणारा होता, जुन्या टेम्प्लेटमधून आलेला. तो बदलला, शैलीची भाषा मराठी केली. मजकुरातली जोडाक्षरं सुधारली, आद्याक्षरं मात्र तशीच.

कारण दुसरं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या संकेतमालेत, ‘कि’ हे एक अक्षर नाही. आधी क, मग वेलांटी असे दोन संकेत साठवलेले असतात. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण फायलीत ती नंतरच येते, आणि तिला उचलून क च्या आधी ठेवायचं काम फॉन्ट आणि जुळणी करणारं इंजिन मिळून करतात. ‘अक्षर १’ असं सांगितलं की सॉफ्टवेअर पहिल्या संकेतापाशी सुरी फिरवतं. क एका आकारात, वेलांटी दुसऱ्या आकारात, म्हणजे दोन वेगळ्या तुकड्यांत. तुकडे वेगळे झाले की इंजिनाला त्यांचं नातं दिसत नाही. बेवारस वेलांटीला बसायला काहीतरी हवं म्हणून ते ठिपक्यांचं वर्तुळ देतं. म्हणजे ठिपक्यांचा गोल ही फॉन्टाची खोड नाही. आपण अक्षर चुकीच्या जागी कापलंय याची ती खूण आहे. कालचा अर्धा तास मी फॉन्ट बदलून पाहण्यात घालवला होता.

तेराव्या प्रकरणाचं उत्तरही आज सापडलं. न च्या आधी सूचीची खूण होती. दिसत नाही, पण मोजणीत एक जागा खाते. सॉफ्टवेअरने इमानदारीने तीच अदृश्य खूण तीन ओळी मोठी केली. खूण शब्दाच्या शेवटी सरकवली, न आला.

५ जून

आज फक्त मोजणी. प्रत्येक प्रकरणाचं पहिलं अक्षर किती संकेतांचं आहे ते हाताने मोजून परिच्छेदावर तेवढा आकडा घातला.

प, घ, व, न : १
कि, कु, अं, मै, दू : २
“तू : ३, अवतरणचिन्ह धरून
क्षि : ४ (क, पायमोड, ष, वेलांटी)
स्त्रि : ६

राहिली दोन, आठवं आणि नववं. दिवसभर त्यांनीच खाल्ला.

आठवं प्रकरण ‘ऱ्हास’ या शब्दाने सुरू होतं. ऱ, पायमोड, ह, काना असे चार मोजले आणि चार घातले. काना मागे राहिला. पाच घातले, बसलं. मग शंका आली म्हणून मुद्रितशोधन झालेली दुसरी फाईल उघडली. तिथे तोच शब्द चारावर बसतो. दिसायला तसूभर फरक नाही. एकेक संकेत सुटा करून पाहिला तेव्हा कळलं की एकीत ऱ हा एकच संकेत आहे, तर दुसरीत साधा र, पायमोड आणि त्यापाठोपाठ रुंदी नसलेला जोडक (न दिसणारा, नुसतं जोडायला सांगणारा संकेत). अर्धा र लिहायच्या या दोन्ही रीती चालू आहेत. तिसरीही आहे : र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. नुक्त्याची जोडी युनिकोडच्या सामान्यीकरणात (एकाच अक्षराच्या वेगळ्या रीती एक करायच्या नियमांत) आपोआप एका ऱ मध्ये मिटते, जोडकाची मात्र मिटत नाही. ती शोधून हातानेच बदलावी लागते. सगळ्या पुस्तकात शोध लावला, ३७ ठिकाणी बदल. शोधाच्या खिडकीत ‘दऱ्या’ टाकून निम्म्याच दऱ्या का सापडत होत्या हेही कळलं.

नववं आणखी बेरकी. ‘आज’. आ हा स्वर एकाच संकेताचा, यात मोजायचं काय! पण अ मोठा झाला आणि काना गोलावर. हा भाग जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातून रूपांतर करून आलाय. त्या फॉन्टांत अ आणि काना वेगवेगळे टंकून आ करायचे. रूपांतर करणाऱ्या साधनाने ते तसेच उतरवलेत. युनिकोडच्या लेखी अ अधिक काना म्हणजे आ नव्हे, त्यामुळे सामान्यीकरणही इथे हात लावत नाही. मोजणीत २ घालून वेळ मारून नेता आली असती. नाही केलं. या भागातल्या सगळ्या अ-काना जोड्या बदलून खरा आ घातला. नाहीतर पीडीएफमध्ये ‘आज’ शोधणाऱ्याला आज कधीच सापडला नसता.

संकेत मोजायचं काम माणसाने करू नये खरं तर. अक्षराची हद्द कुठे हे युनिकोडच्या नियमांत लिहिलेलं आहे. पण तिथेही २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम सर्वसाधारण यादीत नव्हता. ‘क्षि’ चे दोन भाग पडायचे, क् आणि षि. म्हणजे त्याआधीच्या नियमांवर बेतलेलं सॉफ्टवेअर संकेत न मोजता अक्षरं मोजत असलं, तरी जोडाक्षरावर अडखळणार.

६ जून

छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक ‘प्रकरण-आरंभ’ परिच्छेदाच्या सुरुवातीला : असल्यास अवतरणचिन्ह, मग पायमोड लागलेली कितीही व्यंजनं, मग एक व्यंजन किंवा स्वर, मग असतील त्या मात्रा, अनुस्वार, विसर्ग. लांबी मोजायची, आकडा परिच्छेदावर घालायचा. १४ पैकी १४. संपादकांनी पहिलं वाक्य बदललं तर पुन्हा चालवायची. ते बदलणार, हे धरून चाललोय.

९ जून

आता उंची.

सगळी अक्षरं अखंड आहेत, तरी पान चुकल्यासारखं दिसतं. मोठं अक्षर पहिल्या ओळीपेक्षा खाली लटकतंय. पाय तिसऱ्या ओळीवर नीट टेकलाय, डोकं मात्र पोचत नाही. संपादक म्हणाले, “अक्षर बुटकं वाटतं.” शब्द अगदी बरोबर.

सॉफ्टवेअर उंची कशी काढतं ते उलट गणिताने शोधलं. तीन ओळींच्या अक्षराची उंची म्हणजे दोन लीडिंग अधिक पहिल्या ओळीतल्या अक्षराची उंची. इथपर्यंत ठीक. पण ‘अक्षराची उंची’ म्हणून ते फॉन्टात नोंदवलेली रोमन कॅपिटलची उंची घेतं. आपल्या फॉन्टात ती आकाराच्या ०.७ पट आहे. म्हणून : ३६ + ८.४ = ४४.४, भागिले ०.७, म्हणजे साधारण ६३.४ पॉइंट.

देवनागरीत कॅपिटल नाही. डोळा शिरोरेषा धरून चालतो. शिरोरेषेची वरची कड आपल्या फॉन्टात ०.६ वर आहे (मोठा प काढून त्यावर आडव्या गाइड टाकून मोजली). ६३.४ पॉइंटात ती ३८ वर येते. यायला हवी ३६ + ७.२ = ४३.२ वर. पाच पॉइंट कमी. बुटकेपणा इतकाच, पण पाच पॉइंट म्हणजे मजकुरातल्या अक्षराची जवळजवळ पाऊण उंची.

उलट काढलं : ४३.२ भागिले ०.६ = ७२. म्हणजे तीन ओळींना ७२ पॉइंट. दोन ओळींना ४२, चार ओळींना १०२. प्रत्येक ओळीमागे ३० वाढतात, कारण १८ भागिले ०.६ म्हणजे ३०. हे एकदा कळलं की पुन्हा गणित नको. दुसरा फॉन्ट घेतला तर फक्त ०.६ च्या जागी त्याचा आकडा, आणि तो मोजूनच घ्यायचा. एकाच आकाराच्या दोन देवनागरी फॉन्टांत शिरोरेषा एका उंचीवर असेल अशी कुठलीच हमी नाही.

आद्याक्षराच्या कॅरेक्टर स्टाइलमध्ये (फक्त त्या अक्षरापुरत्या शैलीत) उभं आणि आडवं दोन्ही प्रमाण ११३.५ टक्के केलं. पाय तिसऱ्या ओळीवर खिळलेला असल्याने वाढ वरच्या बाजूला जाते. गाइड टाकून पाहिलं, रेषेला रेष. हे सेटिंग शैलीत घातलं, सगळीकडे एकदम.

एक किंमत मोजावी लागली. ‘मै’च्या मात्रा आणि ‘कि’ची वेलांटी शिरोरेषेच्या वर ०.२५ पट जातात, म्हणजे ७२ पॉइंटात १८ पॉइंट. शीर्षकाखाली तेवढी जागाच नव्हती. मात्रा शिरोरेषेत मावतील इतकं अक्षर लहान करून पाहिलं, पुन्हा बुटकं. शेवटी सगळ्याच १४ शीर्षकांखालची जागा ६ पॉइंटांनी वाढवली. मात्रा असली तरी माप फक्त शिरोरेषेचं. मात्रा वरून बाहेर गेली तर जाऊ दे.

१० जून

उकार.

‘कु’, ‘तू’, ‘दू’. आपल्या फॉन्टात उकार, अक्षर टेकतं त्या रेघेखाली (बेसलाइनखाली) ०.२२ पट उतरतो, ७२ पॉइंटात जवळपास १६. चौथ्या ओळीची शिरोरेषा तिसऱ्या ओळीच्या पायापासून १०.८ पॉइंटांवर सुरू होते. म्हणजे उकार पाच पॉइंट आत घुसतो आणि चौथ्या ओळीचा पहिला शब्द खोडल्यासारखा दिसतो.

‘खाली उतरणाऱ्या अक्षरांसाठी लहान करा’ हा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहे. लावला. अख्खं अक्षर आकसून उकारासकट तीन ओळींत बसलं आणि शिरोरेषेचं कालचं सगळं गणित कोसळलं. काढला.

संपादकांना विचारलं, पाचव्या प्रकरणाचं ‘कुणीतरी’ बदलून ‘कोणीतरी’ चालेल का. “मांडणीसाठी लेखकाचा शब्द बदलायचा नाही.” बरोबर आहे त्यांचं.

मग तिघांनाही चौथी ओळ आत सरकवली. अक्षर तीन ओळींचंच, जागा चार ओळींची. हे ड्रॉप कॅपच्या सेटिंगमधून जमत नाही. ओळी ४ म्हटलं की अक्षरही वाढतं. तेव्हा उलट हिशेब : ओळी ४, कॅरेक्टर स्टाइलमध्ये प्रमाण घटवलेलं आणि बेसलाइन १८ पॉइंट वर उचललेली. ‘प्रकरण-आरंभ-उकार’ अशी वेगळी शैली. नाव भिकार आहे, पण सहा महिन्यांनी मला कळेल.

११ जून

जाडी आणि फट. मजकुराची शिरोरेषा पाऊण-एक पॉइंट जाड. आद्याक्षराची ७२ पॉइंटात पाच. वरच्या कडा जुळतात, पण मोठ्या अक्षराची रेघ तुळईसारखी दिसते. त्याच कुटुंबातलं हलकं वजन लावलं, रेघ सव्वातीनवर आली. पुरे. आणखी बारीक केली तर दुसऱ्या रंगात अक्षर फिकं पडेल.

फटीचा प्रश्न मला अजून पटेल असा सुटलेला नाही. रोमन अक्षराच्या दोन्ही बाजूंना थोडी हवा असते. देवनागरीत शिरोरेषा पुढच्या अक्षराला भिडावी म्हणून ती मुद्दाम शेवटपर्यंत, कधी जराशी पलीकडेही काढलेली असते. फट शून्य ठेवली तर ‘पहाटे’ची शिरोरेषा सलग जाते आणि शब्द एक राहतो; पण प चा दंड दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला चिकटतो. चार पॉइंट फट दिली तर दंड मोकळा होतो, आणि वाचताना ‘प’ थांबतो, मग ‘हाटे’. घर फुटल्यासारखं. २.५ पॉइंटांवर तडजोड केली. ‘दू’ला दंड उजवीकडे नाही, त्याला १. डोळ्याने ठरवलंय, सूत्र नाही.

१२ जून

अवतरणचिन्ह : चौथ्या प्रकरणात ते तीन ओळींचं नको, मजकुराच्याच आकाराचं, समासात बाहेर लटकलेलं. स्वतंत्र चौकटीत टाकलं. स्क्रिप्टमध्ये त्या प्रकरणाला आता ३ ऐवजी २.

१६ जून

चित्रकार बाईंची अक्षरं आली. प, कु आणि आ. प च्या पोटात पहाट आहे, कु चा उकार वेलीसारखा वळून चौथ्या ओळीपर्यंत उतरतो. चार ओळींची जागा आधीच केलेली होती, तिचा उपयोग झाला.

चित्र मजकुरात अँकर केलं, म्हणजे एका जागेला बांधलं, की मजकूर सरकला तरी ते सोबत जाईल, असा विचार. अँकर पहिल्या ओळीत टाकला, मजकूर भोवतीने वळवला. दुसरी, तिसरी ओळ वळली. पहिली चित्राच्या अंगावरून सरळ गेली. अँकर ज्या ओळीत असतो ती ओळ स्वतः वळत नाही, तिच्या पुढच्याच वळतात. अँकर शीर्षकाच्या परिच्छेदात नेऊन ठेवला. आता तिन्ही वळतात.

चित्रांची शिरोरेषा ९ जूनच्या ४३.२ वर बसवली. बाईंना आधीच कागदावर दोन रेघा मारून दिल्या होत्या, डोकं आणि पाय. हे एक काम मी वेळेवर केलं.

१७ जून

पीडीएफ काढून ‘पहाटे’ शोधलं. नाही. मजकूर उतरवून पाहिला : “हाटे”. पाचव्यात “णीतरी”, नवव्यात “ज”. साहजिक आहे, पहिलं अक्षर आता चित्र आहे. स्क्रीन-रीडरवर ऐकणाऱ्याला पुस्तकाचे तिन्ही भाग अर्ध्या शब्दाने सुरू झालेले ऐकू येतील.

दोन वाटा. टॅग केलेल्या पीडीएफमध्ये (कुठला भाग काय आहे हे आत नोंदवलेलं असतं तिच्यात) चित्राला ‘प्रत्यक्ष मजकूर’ जोडता येतो. म्हणजे दिसायला चित्र, वाचायला प. केलं. पीडीएफ उघडायच्या एका ॲपमध्ये शोध लागला, दुसऱ्यात नाही. दुसरी वाट गावठी : खरं अक्षर मजकुरात तसंच ठेवायचं, एका पॉइंटाचं, रंग ‘काही नाही’, आणि चित्र निव्वळ सजावट म्हणून टॅग करायचं. अक्षराच्या हद्दीवर कापलं तर काही मोडत नाही. दोन्ही ॲपमध्ये ‘पहाटे’ सापडलं, स्क्रीन-रीडरनेही पूर्ण शब्द वाचला. हीच ठेवली.

गंमत म्हणजे ही युक्ती पंधराव्या शतकातली आहे. युरोपातले तेव्हाचे मुद्रक आद्याक्षराची जागा कोरी सोडत आणि रंगवणाऱ्याला कळावं म्हणून त्या कोऱ्या चौकोनात ते अक्षर बारीक टाइपात छापून ठेवत. वर मोठं अक्षर रंगलं की ते झाकलं जाई. काही प्रतींत कुणी रंगवलंच नाही, म्हणून ती बारीक अक्षरं आजही तशीच दिसतात. काहींत रंगवणाऱ्याने भलतंच अक्षर रंगवलेलं आहे.

१८ जून

ई-बुक. सीएसएसमध्ये (ई-बुकाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेत) परिच्छेदाचं पहिलं अक्षर वेगळं धरता येतं, अवतरणचिन्हही त्यात आपसूक येतं. शिरोरेषेवरून टांगायची तरतूदसुद्धा मानकाच्या मसुद्यात आहे. मी तपासलेल्या तीन वाचन-ॲपपैकी एकातही ती चालली नाही आणि एकाने ‘क्षि’ पुन्हा फोडला. ई-बुकात मोठं अक्षर नाही. पहिला शब्द दुसऱ्या रंगात, बस.

२० जून

छपाईची चाचणी प्रत. दुसरा रंग अर्धा मिलिमीटर उजवीकडे सरकलाय. काळ्या मजकुराला त्याने काही होत नाही, पण २.५ पॉइंटांची आपली फट जेमतेम ०.९ मिलिमीटर, त्यातली निम्म्याहून जास्त गेली. प दुसऱ्या ओळीला जवळजवळ चिकटला. छपाईवाल्यांनी रजिस्टर (रंगांची एकमेकांशी जुळणी) नीट करायचं कबूल केलं. मीही फट ३ वर नेली, दोघांचं मिळून जमेल. १४५७ साली माइन्झमध्ये छापलेल्या स्तोत्रसंग्रहातली लाल-निळी आद्याक्षरं एकमेकांत किती चपखल बसलेली आहेत ते आठवून थोडी लाज वाटली.

नवव्याच्या चित्रात आणखी एक निघालं : फाईल आरजीबीत (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) होती, म्हणून आ दुसऱ्या रंगात न येता चार रंगांच्या ठिपक्यांत आला. एकरंगी करून पुन्हा लावली.

२३ जून

शेवटचं मुद्रितशोधन परत आलं. मुद्रितशोधक ताईंनी पुस्तकभर ‘कुणी’ आणि ‘कोणी’ एकसारखं करायचं म्हणून सगळीकडे ‘कोणी’ केलंय. संपादकांची सही आहे. पाचव्या प्रकरणाचा पहिला शब्दसुद्धा.

मी बदल मजकुरात टाकले, स्क्रिप्ट चालवली, १४ पैकी १४, पीडीएफ पाठवलं. ताईंनी उतरवलेला मजकूर तपासून ‘कोणीतरी, बरोबर’ असं कळवलं. खालचं बारीक, न दिसणारं अक्षर ‘को’ झालेलं होतं. वरच्या चित्रात ‘कु’ तसाच, वेलीसकट. छापून ‘कुणीतरी’ आलं असतं आणि ऐकायला ‘कोणीतरी’. कुठल्याच शोधात ते सापडलं नसतं, कारण चित्राला शुद्धलेखन तपासणी नसते. मला दिसलं ते चौथी ओळ का आत आहे हे बघायला गेलो म्हणून.

बाईंना फोन केला. आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “वेल वर चढवते.” संध्याकाळी फाईल आली. उकार पुसलेला, शेजारी काना, वेल त्या कान्यावरून वर जाऊन मात्रेसारखी वळलेली, शिरोरेषेच्या वर बरोबर १८ पॉइंट. शीर्षकाखाली ६ पॉइंटांनी वाढवलेल्या जागेत ती मावली. पाचव्याच्या चित्राभोवतीची चौथी ओळ मोकळी केली. उकाराच्या शैलीत आता दोनच उरले, तू आणि दू.

पीडीएफ पुन्हा काढलं. या वेळी १४ ही पानं छापून, खाली मजकूर आणि वर चित्र असं बोट ठेवून वाचली.